वर आग, खाली गारवा

पेटलेल्या गॅसच्या इंधनाला आपण सहसा हात लावून पाहत नाही. घरात सिलिंडर ओट्याखाली असतो, शेगडी ओट्यावर असते आणि दोघांच्या मध्ये हातभर नळी असते. पाठीवरच्या सॅकमध्ये मावणाऱ्या ट्रेकच्या स्टोव्हचं तसं नाही. तिथे मुठीएवढा बर्नर थेट गॅसच्या डब्याच्या डोक्यावर आट्यांनी फिरवून बसवतात. ज्योत आणि इंधन यांच्यात जेमतेम वीतभर अंतर राहतं. पातेल्यात चहाचं पाणी खळखळायला लागलं की खालच्या डब्याला अलगद बोटं टेकवून पाहावीत. डबा गार लागतो. पावसाळा नुकताच सरलेला असेल आणि कासच्या बाजूला हवेत ओल असेल, तर डब्याच्या पत्र्यावर बारीक दव धरलेलं दिसतं. वर हजार अंशांहून तापलेली ज्योत आणि खाली दवानं भिजलेला पत्रा. एवढ्याशा वस्तूत हे दोन्ही एकाच वेळी कसं नांदतं, हे कळल्यावर स्टोव्ह कोणता घ्यावा, कुठे ठेवावा, त्यावर काय शिजवावं या सगळ्याची उत्तरं आपोआप मिळू लागतात. मला या यंत्राचं एवढं अप्रूप वाटतं ते यासाठीच.

डब्यात असतो मुख्यतः ब्युटेन. पाणी १०० अंशांना उकळतं, तर ब्युटेन साध्या हवेच्या दाबाखाली उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे कराडच्या बाजारात २५ अंशांच्या संध्याकाळी फळीवर ठेवलेल्या डब्यातला ब्युटेन आपला उत्कलनबिंदू केव्हाच ओलांडून बसलेला असतो. त्याला वाफ व्हायचं असतं, पण जागा नसते. थोडीशी वाफ होते, ती उरलेल्या द्रवावर दाब देते आणि हा दाब हवेच्या सुमारे अडीच पट झाला की द्रव निमूट द्रवच राहतो. चावी उघडली की वाफ बाहेर पडते, दाब उतरतो आणि द्रव लगेच उकळून नवी वाफ देतो. स्टोव्ह चालू असेपर्यंत डब्याच्या पोटात ही उकळी सुरूच असते. ना पंप, ना मोटर. इंधन स्वतःच स्वतःला वर ढकलत असतं.

पण उकळायला उष्णता लागते, मग ती उकळी उणे अर्ध्या अंशाची का असेना. इथे माठ आठवावा. माठातून पाझरलेलं पाणी वाफ होताना मागे उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून माठ गार पडतो. डब्यातही नेमकं हेच होतं, फक्त कितीतरी वेगानं. चांगला ट्रेकिंग स्टोव्ह पूर्ण ताकदीनं अडीच किलोवॉटच्या आसपास उष्णता देतो. त्यासाठी मिनिटाला सव्वातीन ग्रॅम गॅस लागतो आणि एवढ्या गॅसची वाफ व्हायला सुमारे २० वॉट उष्णता डब्यातून काढून घेतली जाते. अडीच हजारांपुढे वीस म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण हे वीस वॉट मिळाले नाहीत तर ते अडीच हजारही मिळत नाहीत. डबा ती उष्णता आधी स्वतःच्या अंगातून देतो आणि गार होतो. गार झाला की भोवतालच्या हवेतून, खालच्या खडकातून उष्णता ओढायला लागतो. म्हणजे पठारावर तुमचा चहा उकळतो तेव्हा त्या आगीला पहिला रेटा पठाराच्याच उबेतून मिळालेला असतो.

ज्यांच्या घरी रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह होता त्यांना यातला फरक लगेच कळेल. १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट यानं काढलेला प्रायमस हा त्या सगळ्या स्टोव्हांचा पूर्वज. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही प्रायमस होते. तो पेटवायचा म्हणजे आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग हवा भरायची, मध्येच पिन मारायची. रॉकेलची वाफ व्हायला लागणारी उष्णता काकडा द्यायचा आणि नंतर ज्योत स्वतः. दाब द्यायचा आपला हात. नव्या डब्यात ही दोन्ही कामं भोवतालच्या हवेवर सोपवलेली आहेत. त्यामुळे वजन उतरलं, खटपट गेली आणि त्याच वेळी हा स्टोव्ह हवामानाच्या पूर्ण आधीन झाला.

दव धरलेल्या डब्याकडे जरा निरखून पाहिलं तर आणखी एक गंमत दिसते. दव सगळीकडे सारखं नसतं. एका आडव्या रेषेपर्यंत पत्रा ओला असतो आणि त्याच्या वर कोरडा. गार झालेला द्रव जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच पत्रा पुरेसा गार होतो. आत गॅस किती उरलाय हे सांगणारी ही रेषा डब्यानं स्वतःच्या अंगावर काढलेली असते. हवा कोरडी असेल तर दव धरत नाही, तेव्हा बोटं वरून खाली फिरवली की गारवा कुठे सुरू होतो ते कळतं. नेमका आकडा हवा असेल तर निघण्याआधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डबा ठेवायचा. रिकाम्या डब्याचं वजन एकदा लिहून ठेवलं की पुढे फक्त वजाबाकी उरते.

दुसरं नवल पातेल्याच्या बुडाशी असतं. गार पाण्याचं पातेलं ज्योतीवर ठेवलं की पहिल्या मिनिटात त्याला बाहेरून घाम फुटतो. थेंब ओघळतात, ज्योतीवर पडून चर्र आवाज येतो, आणि पातेलं गळतंय की काय अशी शंका येते. ते पाणी पातेल्यातलं नसतं. ते आगीतून आलेलं असतं. ब्युटेनच्या एका रेणूत हायड्रोजनचे दहा अणू असतात. जळताना त्यांचे पाण्याचे पाच रेणू होतात. एक लिटर पाणी उकळायला १३ ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो आणि त्यातून २० ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे भरतील एवढं पाणी तयार होतं. हे पाणी जळलेल्या गॅसपेक्षाही जड, कारण त्यात हवेतला ऑक्सिजन येऊन मिळालेला असतो. पातेलं तापलं की थेंब दिसेनासे होतात. पाणी मात्र तयार होतच राहतं, फक्त वाफेच्या रूपात निघून जातं.

हवा लागते तीही अफाट. २३० ग्रॅमच्या बुटक्या डब्यातला द्रव वाफ झाला की सुमारे ९५ लिटर होतो आणि तो सगळा जाळायला जवळजवळ तीन हजार लिटर हवा लागते. ही हवा ओढून आणायलाही वेगळी सोय नाही. केसासारख्या बारीक भोकातून गॅस वेगानं सुटतो आणि बाजूच्या छिद्रांतून हवा आपल्याबरोबर खेचून घेतो. जर्मनीत रॉबर्ट बुन्सेननं १८५५ च्या सुमारास प्रयोगशाळेसाठी जो बर्नर करून घेतला, त्याचंच हे तत्त्व. हवा नीट मिसळली की ज्योत निळी राहते आणि पातेल्याला काजळी धरत नाही. हवा कमी पडली की ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून बंद तंबूत हा स्टोव्ह कधीही पेटवू नये. बाहेर पाऊस पडत असला, बोटं गारठली असली तरी नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. इंधनाला रेटा भोवतालच्या उबेतून मिळतो हे एकदा लक्षात आलं की सातारा आणि सांगली हे जिल्हे या स्टोव्हची परीक्षा घ्यायलाच आखलेत असं वाटतं. पश्चिमेला महाबळेश्वर आहे. थंडीत पहाटे वेण्णा तलावाच्या काठच्या गवतावर दवाचे हिमकण होतात, आणि दरवर्षी वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो येतात. पूर्वेला जत, आटपाडी, माण. एप्रिल-मे महिन्यांत तिथे पारा चाळिशी ओलांडतो. एकाच डब्यातला ब्युटेन दोन्हीकडे अगदी वेगळा वागतो. ४० अंशांना त्याचा दाब हवेच्या पावणेचार पट असतो, तर शून्य अंशाला हवेएवढाच. महाबळेश्वरच्या उंचीवर बाहेरच्या हवेचाही दाब कमी असल्यामुळे शून्य अंशालाही थोडा रेटा शिल्लक राहतो. पण दोन-चार मिनिटं स्टोव्ह चालला, डबा आणखी गार झाला की ज्योत मलूल होते. डबा हलवला तर आत गॅस डचमळताना ऐकू येतो आणि बर्नरवर मात्र काही येत नाही.

यावर उपाय दोन. पहिला विकत घेताना करायचा. निव्वळ ब्युटेनऐवजी आयसोब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेला डबा घ्यायचा. आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला. मात्र मिश्रणातला प्रोपेन आधी उडून जातो आणि अर्धा संपलेला डबा नव्या डब्याएवढा तगडा राहत नाही. थंडीत मुक्कामाला जाताना म्हणूनच उरलासुरला डबा नेऊ नये. दुसरा उपाय जागेवर करायचा आणि तो मला फार आवडतो. एका पसरट ताटलीत बोटाला सोसेल इतपत कोमट पाणी घ्यायचं आणि डबा त्यात उभा करायचा. पाण्यातली ऊब पत्र्यातून आत जाते आणि मिनिटभरात ज्योत पुन्हा उभी राहते. वीसच वॉट तर द्यायचे असतात. कोमट पाणी ते सहज देतं. पाणी कोमटच हवं, उकळतं कधीही नाही.

उन्हाळ्यात चिंता उलटी असते. डब्यावर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका अशी सूचना छापलेली असते आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज चढतं. विट्याच्या किंवा जतच्या बाजूला दुपारी गाडी लावून जेवायला गेलात तर डबा डिकीत राहू देऊ नका. प्रवासाचंही आधीच ठरवून घ्या. रेल्वेत प्रवाशाला सामानातून गॅसचे डबे नेता येत नाहीत आणि विमानात तर ते ना हातातल्या सामानात चालतात, ना खाली दिलेल्या बॅगेत. शक्यतो मुक्कामाच्या जवळच्या शहरातच डबा विकत घ्यावा.

वाऱ्याची गोष्ट वेगळी सांगायलाच हवी, कारण इथला वारा विजेच्या ग्रिडलाही ठाऊक आहे. चाळकेवाडीच्या आणि पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, सांगलीच्या बाजूला ढालगावाकडेही आहेत. कंपन्यांनी वारा मोजूनमापून जागा निवडल्या. जिथे त्यांना वीज मिळते तिथेच आपल्याला चहा उकळायचा असतो. वारा ज्योत विझवतो हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारं नुकसान त्याहून मोठं आहे. ज्योत विझली नाही तरी वारा तिला पातेल्याच्या बुडाखालून बाजूला लोटतो आणि तापलेली हवा पातेल्याला न शिवता निघून जाते. स्टोव्ह जोरात फुरफुरत असतो, पाणी मात्र कोमटच राहतं. अशा वाऱ्यात दुप्पट गॅस सहज जातो.

कराडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांच्या काच कारखान्यात प्रभाकर कंदील तयार होत असे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी त्याच्या उजेडात रात्री काढल्या. कंदिलात ज्योतीला चहूबाजूंनी काच असते आणि तरीही ज्योत गुदमरत नाही. खालून हवा आत येते, वरून तापलेली हवा बाहेर पडते. वारा अडवायचा आणि हवा अडवायची नाही, ही ती युक्ती. स्टोव्हच्या आडोशालाही हाच नियम आहे, पण एक मोठा फरक लक्षात ठेवून. कंदिलात खाली रॉकेल असतं, इथे खाली दाबाखालचा गॅस आहे. डब्यावर बसवलेल्या स्टोव्हला पत्र्याचा आडोसा चारही बाजूंनी कधीही लावू नये. आतली उष्णता कोंडते, डबा तापतो, दाब चढतो आणि डबा फुटू शकतो. आडोसा वाऱ्याच्या बाजूनं फक्त, आणि तोही थोडा दूर. तटबंदीचा कोपरा, मोठा खडक, जमिनीवर आडव्या ठेवलेल्या सॅक एवढं पुरतं. मधून मधून डब्याला हात लावून पाहायचा. गार असेल तर सगळं ठीक. गरम लागला तर लगेच बंद करायचा. फार मोठं, पसरट पातेलं ठेवल्यावरही बुडावरून उष्णता खाली परततेच, म्हणून या स्टोव्हवर दीड-दोन लिटरच्या वरचं भांडं ठेवू नये.

शिजवायचं काय, हा मला या सगळ्यातला सगळ्यात रसाळ प्रश्न वाटतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर वर गेलं की पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. सांगली शहर साडेपाचशे मीटरवर, तिथे पाणी ९८ अंशांच्या जरा वर उकळतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे साडेपंच्याण्णव अंशांना. उकळी आली की पाण्याचं तापमान पुढे चढत नाही, ज्योत कितीही मोठी करा. तुरीची डाळ घरी कुकरमध्ये १२० अंशांजवळ शिजते. डोंगरावर उघड्या पातेल्यात ती ९६ अंशांवर तासभर उकळत बसेल, गॅस संपवेल आणि तरीही दाताखाली येईल.

दुष्काळी पट्ट्यानं याचं उत्तर फार पूर्वीच काढून ठेवलंय. हुलगे भाजून, दळून ठेवायचे. भाजताना दाणा अर्धा शिजतो आणि दळल्यावर पाणी आत शिरायला वेळ लागत नाही. त्या पिठाचं पिठलं पाच-सात मिनिटांत होतं. माण-आटपाडीकडचं हुलग्याचं माडगं तर या स्टोव्हसाठीच जन्मलेलं वाटतं. पाणी, पीठ, गूळ, चिमूटभर मीठ, एक उकळी आणि थोडं ढवळणं. थंडीत ते पोटात गेलं की अंगात ऊब येते. इंधन जपून वापरायची सवय ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांचे पदार्थ डोंगरावर सगळ्यात शहाणे ठरतात. घरी भाजून नेलेला रवा, भाजणी, मेतकूट, पोहे ही सगळी याच जातीची. ज्यांचं शिजणं घरच्या चुलीवर आधीच निम्मं उरकलेलं आहे, तेच सॅकमध्ये भरावं.

खिचडी हवीच असेल तर मुगाच्या डाळीची करावी. डाळ-तांदूळ चढायला लागण्यापूर्वी जेवणाच्या डब्यात पाण्यात भिजत घालायचे. दोन तासांच्या चालीत ते फुगतात आणि वाटेत शिजण्याचं निम्मं काम होतं. वर पोहोचल्यावर उकळी आली की पाच-सात मिनिटं मंद आचेवर ठेवायचं, झाकण घट्ट लावायचं, स्टोव्ह बंद करायचा आणि पातेलं टॉवेल-स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवायचं. पुढची पंधरा मिनिटं खिचडी स्वतःच्या उष्णतेवर शिजते. मंद आच हीच या स्टोव्हची खरी कसोटी. दुकानात बहुतेक जण किती मोठी ज्योत होते ते विचारतात. मी विचारीन, किती लहान होते. चावी बारीक केल्यावर ज्योत न विझता तेवत राहिली पाहिजे. ज्योतीचं वर्तुळ रुंद हवं, नाहीतर पातेल्याच्या मधोमध करपतं आणि कडेला कच्चं राहतं. भाकरी मात्र यावर भाजायला जाऊ नये. ती घरून बांधून न्यावी, किंवा सोलापूरकडची कडक भाकरी न्यावी. पिठल्यात बुडवली की ती पुन्हा जिवंत होते. सांगलीचं भडंग बरोबर असलं तर स्टोव्ह मांडेपर्यंतची भूक भागते.

गॅस किती न्यायचा याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी २० अंशांवरून ९६ ला न्यायला सुमारे ३१८ किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम ब्युटेन साधारण ४६ किलोज्यूल देतो. म्हणजे सात ग्रॅमांत काम व्हायला हवं. प्रत्यक्षात निम्म्याहून थोडीच अधिक उष्णता पातेल्यात पोहोचते, म्हणून १३ ग्रॅम धरायचे, वारा असेल तर २०. दोघांचा एका रात्रीचा मुक्काम धरला, दोन वेळचा चहा, रात्री पिठलं-भात, सकाळी उपमा, तर तीन लिटरच्या आसपास पाणी उकळतं. मंद आचेचा वेळ धरून साठेक ग्रॅम गॅस पुरतो. २३० ग्रॅमचा एक डबा दोघांना तीन रात्री सांभाळतो. झाकण ठेवायला विसरलात तर हा हिशेब कोलमडतो. किल्ल्यावरच्या टाक्याचं पाणी प्यायला उकळायचं असेल तर तेही यात धरा. खळखळून उकळी आली की जंतू मरतात, दहा मिनिटं उकळत ठेवण्याची गरज नाही.

स्टोव्ह निवडताना आधी डबा पाहावा. आपल्याकडे दोन प्रकारचे मिळतात. एक आट्यांचा, बुटका, घुमटासारख्या डोक्याचा. दुसरा लांबट, अत्तराच्या फवाऱ्याच्या बाटलीसारखा, २२० ग्रॅमच्या आसपासचा. तो स्वस्त आणि सहज मिळणारा, पण बहुधा निव्वळ ब्युटेनचा, म्हणून कडक थंडीत कच खाणारा. पेटीसारख्या शेगडीत तो आडवा बसवतात तेव्हा त्याच्या गळ्यावरची खाच वरच्या बाजूला यायलाच हवी. आतली नळी वाकडी असते आणि खाच वर असतानाच तिचं तोंड द्रवाच्या वर, वाफेत राहतं. डबा उलटा बसला तर बर्नरकडे वाफेऐवजी द्रव जातो आणि हातभर पिवळा भडका उठतो. एवढ्याशा खाचेवर सगळं अवलंबून असतं.

आट्यांच्या डब्यावर बसणारा घडीचा स्टोव्ह शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर असतो. एकट्या-दुकट्यानं सह्याद्रीत फिरायला तोच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चार-पाच जण असतील तर नळीनं जोडलेला, जमिनीलगत बसणारा बरा. त्यावर मोठं पातेलं डगमगत नाही, डबा ज्योतीपासून लांब राहतो आणि आडोसाही नीट लावता येतो. पातेल्याच्या बुडाला पत्र्याच्या पाकळ्या असलेला जोडसंच पाणी झटपट उकळतो, पण पिठलं त्याच्या तळाला लागतं. जोडताना डबा उभा धरून हातानं फिरवायचा, आटे वाकडे बसू द्यायचे नाहीत, आतलं रबरी वायसर चिरलेलं नाही ना ते पाहायचं, आणि काडी ओढण्याआधी कान देऊन व वास घेऊन गळती नाही याची खात्री करायची. घरच्या सिलिंडरमधून रिकामा डबा भरून देणारे जोड बाजारात दिसतात. ते घेऊ नका. घरच्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो, त्याचा दाब कितीतरी जास्त, आणि हा पातळ पत्रा तेवढ्यासाठी बनवलेला नाही.

पेटवायचा कुठे, हे ठरवताना मन मोठं ठेवावं लागतं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोटा किल्ला त्याच्याच हद्दीत येतो. बामणोलीहून लाँचनं शिवसागर जलाशय ओलांडायचा, मेट इंदवलीला वनखात्याच्या चौकीत नोंद करायची, बरोबरच्या प्लास्टिकचा हिशेब द्यायचा आणि संध्याकाळच्या आत परतायचं. वर मुक्काम नाही आणि आगही नाही. तिथे डबा-स्टोव्ह काढूच नये. भडंग, भाकरी, चटणी घेऊन जावं. कासचं पठारही २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. फेब्रुवारीनंतर साताऱ्याच्या डोंगरांवरचं गवत वाळून सोनेरी होतं आणि एका ठिणगीनं वणवा लागतो. त्यात झाडांच्या रोपांबरोबर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडीही जळतात. तीन दगडांच्या चुलीपेक्षा हा स्टोव्ह कितीतरी सुरक्षित, कारण ठिणगी नाही, निखारा नाही, सरपणासाठी झाडाची फांदी मोडावी लागत नाही, लेण्यांच्या छताला काजळी धरत नाही. तरीही ती आगच. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत स्वयंपाक करायचा नाही. बाकी ठिकाणी उघडा कातळ शोधायचा, भोवतालचं वाळलेलं गवत दूर करायचं, पाण्याची बाटली हाताशी ठेवायची. सज्जनगडावर प्रसादाचं जेवण मिळतं, रायरेश्वराच्या पठारावरच्या घरांत गरम पिठलं-भाकरी मिळते. तिथे सॅकमधला स्टोव्ह सॅकमध्येच राहू द्यावा आणि त्या घरात चार पैसे द्यावेत. रिकामा डबा मात्र प्रत्येक ठिकाणाहून खाली आणायचाच.

हाच डबा हिमालयात गेला की काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते २०१३ साली एव्हरेस्टवर, २०२१ साली अन्नपूर्णेवर आणि २०२२ साली कांचनजंगेवर पोहोचल्या. त्या उंचीच्या मोहिमांत स्टोव्हचं मुख्य काम स्वयंपाक नसतंच. पाणी तयार करणं हे असतं, कारण भोवती असतो तो फक्त बर्फ. शून्य अंशाच्या बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापलं असतं. पारा हललेला दिसत नाही आणि निम्मा गॅस गेलेला असतो. उंचीची एक मदत मात्र होते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्म्यावर येतो आणि तिथे ब्युटेन उणे अर्ध्याऐवजी उणे १८ अंशांच्या आसपास उकळतो. म्हणजे महाबळेश्वरला शून्य अंशाच्या पहाटे कुरकुरणारा डबा तिथे त्याहून गार सकाळी तग धरू शकतो. त्याहूनही थंडी असेल तर नळीचा स्टोव्ह लावून डबा उलटा करतात. मग वाफेऐवजी द्रवच नळीत उतरतो आणि ज्योतीजवळून नेलेल्या पितळी नळीत त्याची वाफ होते. जुन्या काकड्याचं काम इथे ती नळी करते, आणि डबा गार पडण्याचा प्रश्नच मिटतो. असा स्टोव्ह जवळ नसेल तर गिर्यारोहक रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतात आणि सकाळच्या चहाला लागणारे ते वीस वॉट त्यांच्या अंगाच्या उबेतून येतात.